गोळीच्या आधी माणूस विचार

प्रिय लेकी,

धडगावला क्षयरोग विभागात रुजू झालीस, फार बरं वाटलं. पहिल्याच आठवड्यात तुझ्या हातात औषध सोडलेल्यांची यादी पडेल. त्यांना निष्काळजी म्हणू नकोस, एवढं आधी सांगते. घरी गेलीस की गोळ्यांचं पाकीट नंतर बघ. आधी विचार: झोप लागते का, जेवण जातं का, घरात कोण बोलतं.

उपचार ६ महिन्यांचा. पहिले २ महिने चार औषधं, पुढचे ४ महिने तीन. पण बहुतेकांचा ताप, खोकला त्याच्या कितीतरी आधी ओसरतो. भूक लागते, माणूस कामावर जातो आणि नेमकी तेव्हाच गोळी सुटते. जंतू मात्र शिल्लक असतात. अर्धवट औषधात तगलेले पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. म्हणून पहिल्याच भेटीत सांग, "बरं वाटायला लागलं की मी जास्त वेळा येईन."

या औषधांपैकी रिफाम्पिसिननं लघवी केशरी-लालसर होते. आधी सांगितलं नाही तर माणूस रक्त समजून घाबरतो आणि कुणाला न सांगता गोळ्या बंद करतो. मळमळ, सांधेदुखी, हातापायांना मुंग्या यांवर इलाज आहे, डॉक्टरांच्या कानावर घाल. डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात ने. "सहन करा" हे शब्द तुझ्या तोंडी येऊ देऊ नकोस. बायकांना एकांतात विचार: कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू असतील तर रिफाम्पिसिनमुळे त्यांचा भरवसा राहत नाही.

सगळ्यात मोठं काम दसऱ्याच्या सुमाराला. पाऊस संपला की सातपुड्यातले पाडे रिकामे होऊ लागतात, टोळ्या ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुकादमाची उचल घेतलेला माणूस गोळीसाठी मागे थांबणार नाही, थांबावं असं म्हणायचा आपल्याला हक्कही नाही. औषधानंच त्याच्या मागे जायला हवं. कोणता कारखाना, कोणता तालुका, मुकादमाचा नंबर काय, हे गाडी भरण्याआधी लिहून घे. निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीतला रुग्णाचा नंबर, देशभर चालतो. नोंद तिकडे वळव आणि तिथल्या केंद्रावर स्वतः फोन कर. वाटेपुरत्या गोळ्या सोबत दे. बरेचजण होळीला परततात, तेव्हा दारात उभी राहा.

सरकारकडून रुग्णाला मिळणारे पोषणाचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये आहेत. खातं अडलं असेल तर बँकेत सोबत जा.

ताट वेगळं, अंथरूण ओट्यावर, असं दिसलं तर सगळ्या घराला बसवून सांग की ताटवाटीनं टीबी पसरत नाही, आणि औषध नीट लागू पडलं की काही आठवड्यांत लागणीची भीती खूप कमी होते. सुनेला माहेरी धाडायची बोलणी तर ऐकून सोडू नकोस.

आणि उपचार पूर्ण होऊनही काहींना चढण चढताना धाप लागतेच. फुप्फुसाला झालेली इजा गोळ्यांनी भरून येत नाही. अशांना तपासणीला पाठव, विडी सोडायला मदत कर, आणि यादीतून नाव कमी झालं तरी त्यांच्या घरी जात राहा.

तुझी,
ताई