क्राउडफंडिंगवर आलेलं स्मार्टवॉच घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की किकस्टार्टरवर (वस्तू बनवायच्या आधीच लोकांकडून पैसे गोळा करायची, म्हणजे क्राउडफंडिंगची, वेबसाइट) एक स्मार्टवॉच आलंय, पुढे दुकानात येईल त्याच्या निम्म्या किमतीत देतायत, मोहीम संपायला थोडेच दिवस राहिलेत आणि घड्याळ खरंच हातात पडेल का अशी धाकधूक वाटतेय. माझं मत विचाराल तर नका घेऊ. पण येणार नाही म्हणून नका घेऊ असं मी म्हणत नाहीये. बहुतेक येईल. ईथन मॉलिक म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले प्राध्यापक आहेत, त्यांनी 2015 मध्ये किकस्टार्टरच्या प्रोजेक्टांचा अभ्यास केला होता, त्यात साधारण 9 टक्के प्रोजेक्टांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही असं निघालं. म्हणजे बाकीच्यांची वस्तू आली, उशिरा का होईना. "येईल का" यावर सगळे अडकतात आणि आल्यावर पुढे काय हे कोणीच विचारत नाही. याच गोष्टीवरून आमच्या घरात इतकी वर्षं वाद चाललाय की तुमचा प्रश्न वाचून मला राहवलं नाही.

मी फर्मवेअरचं काम करते, म्हणजे असल्या छोट्या उपकरणांच्या आत जो प्रोग्राम चालतो तो लिहिते. त्यामुळे भावोजींनी (ताईचे मिस्टर) एकदा मला असंच एक कॅम्पेन पाठवून मत विचारलं. नाव घेत नाही. व्हिडिओ एकदम भारी, गोल डिस्प्ले, हार्टरेट, झोपेचा हिशोब, आठवडाभर बॅटरी. मी ते पान खालपर्यंत वाचलं, लोकांनी विचारलेले प्रश्न वाचले, आणि त्यांना स्पष्ट सांगितलं की भावोजी, हे घड्याळ त्यांच्या ॲपमध्ये लॉगिन केल्याशिवाय सुरूच होत नाही आणि उद्या ती कंपनी राहिली नाही तर काय यावर एक ओळ नाहीये, नका घेऊ. त्यांनी त्यातून ऐकलं एवढंच की ही म्हणते घड्याळ येणार नाही. त्यांनी घेतलं, आणि घड्याळ आलं. सांगितलेल्या तारखेच्या खूप नंतर, पण आलं, दिसायलाही छान होतं. मग काय, जो येईल त्याच्यासमोर मनगट पुढे करायचं आणि म्हणायचं, "ही इंजिनीअर म्हणत होती येणार नाही!" मी प्रत्येक वेळी सांगायचे की मी असं म्हटलंच नव्हतं, आणि प्रत्येक वेळी सगळे हसायचे.

पहिलं वर्ष नीट गेलं. मग कंपनीचे अपडेट बंद झाले, मग ॲप स्टोअरमधून ॲपच गायब झालं, तरीही घड्याळ चालू होतं कारण भावोजींच्या फोनमध्ये ते आधीपासून होतं. मग त्यांनी फोन बदलला. नव्या फोनला जोडायचं तर घड्याळ रिसेट करावं लागतं, ते केलं आणि तिथेच ते संपलं. माझ्याकडे आणून दिलं, बघ काही होतंय का म्हणून. चार्जरवर लावलं की लोगो यायचा आणि मग फोनचं एक चित्र, खाली लिहिलेलं "ॲप उघडा". बटण दाबलं तरी तेच, दाबून धरलं की बंद होऊन परत तेच. ब्लूटूथच्या यादीत नाव दिसायचं, पेअरसुद्धा व्हायचं, पण त्यापुढे काय बोलायचं ते फक्त त्या ॲपला माहीत आणि त्या ॲपला सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरचे कंपनीचे कॉम्प्युटर, हवेत. काचेवर ओरखडा नाही, बॅटरी उत्तम, आणि साधी वेळ दाखवता येत नाही, कारण वेळ हाताने लावायची सोयच दिलेली नव्हती. मी अनेक रात्री त्यावर घालवल्या. भावोजी आजही म्हणतात, "पण आलं होतं की नाही?"

आता पेबल ही स्मार्टवॉच कंपनी बघा. 2012 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर 1 लाख डॉलर मागितले होते, जमले 1 कोटी 2 लाखांच्या वर. घड्याळं सप्टेंबरऐवजी जानेवारी 2013 पासून निघाली. 2015 मध्ये पेबल टाइमला 2 कोटी डॉलरच्या वर मिळाले. एवढं होऊनही डिसेंबर 2016 मध्ये कंपनी बंद, सॉफ्टवेअर फिटबिट या फिटनेस बँडच्या कंपनीने घेतलं, आणि त्याच वर्षी लोकांनी पैसे भरलेलं टाइम 2 रद्द होऊन रिफंड द्यावे लागले. जून 2018 अखेर सर्व्हरही बंद झाले. तरीसुद्धा पेबल वापरणारे लोक आहेत! कारण सर्व्हर बंद करायच्या आधी ॲपला असा अपडेट दिला गेला की ते सर्व्हरशिवाय चालावं, आणि पेबलसाठी ॲप लिहिणाऱ्या बाहेरच्या डेव्हलपरांना ते कसं चालतं हे बरंच माहीत असल्यामुळे रेबल नावाच्या ग्रुपने स्वतःचे सर्व्हर उभे केले. जानेवारी 2025 मध्ये तर गूगलने (फिटबिट आता त्यांच्याकडे आहे) पेबलचा बराचसा सोर्स कोड (मूळ प्रोग्राम) सगळ्यांसाठी खुला केला. कंपनी गेली, घड्याळ राहिलं. भावोजींना मी हेच सांगत होते.

तेव्हा तुम्ही त्या लोकांना आजच विचारा: अकाउंट न काढता घड्याळ चालतं का, रिसेट केल्यावर फोनशिवाय वेळ लावता येते का, डेटा फाइल म्हणून बाहेर काढता येतो का, आणि गॅजेटब्रिजवर चालतं का (अँड्रॉइडसाठीचं फुकट ओपन सोर्स ॲप आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता-बदलता येतो, बऱ्याच कंपन्यांची घड्याळं त्यावर चालतात). चार्जर त्यांचा स्वतःच्या आकाराचा असेल तर जास्तीची केबल आत्ताच मागवा, नंतर कुठेच मिळत नाही. "टीम यावर काम करतेय" असं उत्तर आलं तर ते नाही असं समजा. निम्म्या किमतीचं म्हणाल तर ती दुकानातली किंमत अजून कोणी दिलेलीच नाही, सूट कशावर मोजताय?

हे सगळं लिहिलं तरी क्राउडफंडिंग म्हणजे फसवणूक असं मी अजिबात म्हणत नाही. बँगल जेएस हे घड्याळ किकस्टार्टरवरूनच आलं, सॉफ्टवेअर ओपन सोर्स, ब्राउझरमधून प्रोग्राम करता येतं, असलं काही असेल तर मी स्वतः पैसे टाकीन. आयफोन असेल तर अपेक्षा मुळातच कमी ठेवा, ॲपलच्या घड्याळाला जी मोकळीक मिळते ती बाहेरच्याला मिळत नाही. आणि हृदयाचा त्रास वगैरे म्हणून घेत असाल तर यातलं काहीच नको, डॉक्टर सांगतील ते मशीन घ्या.

बाकी किकस्टार्टरवर मोहीम यशस्वी होऊन संपेपर्यंत कार्डावरून पैसे जात नाहीत, त्यामुळे प्लेज केलं (पैसे द्यायचं कबूल केलं) असेल तरी अजून काढून घेता येईल, फक्त शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.