कुत्र्याचं पिल्लू जेवत नाही, घरभर शू करतं? हे करून बघा

अहो, वाटी दिवसभर समोर ठेवू नका, १५-२० मिनिटं ठेवायची, नाही खाल्लं तर उचलायची आणि पुढच्या वेळेपर्यंत काही नाही, बिस्किटही नाही. तो तुमच्या ताटाकडे बघत बसणार, बघू दे! मात्र पिल्लू सुस्त असेल, उलट्या होत असतील तर हा हट्ट नको, सरळ डॉक्टर गाठा.

शूचं म्हणाल तर उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्या, जमीन हुंगत गोल फिरायला लागला की समजायचं आता होणार. बाहेर केली की तिथल्या तिथे खाऊ द्या, घरी आल्यावर दिलात तर त्याला कळतच नाही कशाबद्दल मिळाला. शिक्षा म्हणून शूवर त्याचं नाक घासणं वगैरे अजिबात नको, त्याने तो फक्त लपून करायला शिकतो. फरशी एन्झाइमवाल्या (शूचा वास मुळापासून घालवणाऱ्या) क्लीनरने पुसा, वास राहिला की पुन्हा तिथेच.