बीपीचे आकडे आणि मिठाचा हिशोब

प्रश्न : घरी डिजिटल मशीनवर बीपी मोजतो. पाच मिनिटांत १४८, १३९, १३२ असे तीन वेगळे आकडे आले. मशीन बिघडलंय का? यातला खरा आकडा कोणता?

मशीन बहुधा ठीक आहे. रक्तदाब ठोक्यागणिक बदलतो आणि पहिलं रीडिंग चढं येणं नेहमीचंच. म्हणून एका आकड्यावर विसंबू नका, सरासरी काढा. सलग सात दिवस सकाळी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग घ्या. बीपीची गोळी सुरू असेल तर सकाळचं मोजमाप गोळी घेण्याआधी करा. पहिल्या दिवसाचे चार आकडे सोडून द्या. उरलेल्या चोवीस आकड्यांची सरासरी हा तुमचा रक्तदाब. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यातल्या मोजमापासाठी ही मर्यादा १४०/९० आहे. अमेरिकेत दोन्हीकडे १३०/८० धरतात, त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे आकडे वाचून गोंधळू नका.

वहीत सगळे आकडे लिहा. आवडलेला ठेवायचा आणि नावडता पुन्हा मोजायचा, असं केलं की सरासरीला काही अर्थ उरत नाही.

चुका बहुतेक बसण्यात आणि पट्ट्यात होतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पायावर पाय टाकला, किंवा मोजताना बोललात, तरी वरचा आकडा काही अंकांनी वाढतो. हात टेबलावर असा टेकवा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. हात मांडीवर ठेवला आणि पट्टा दहा सेंटीमीटर खाली गेला, तर तेवढ्यानेच रीडिंग सात-आठ अंकांनी चढं येतं. मनगटावरच्या यंत्रात ही चूक फार सहज होते. दंडाचं मशीन घेतलेलं बरं.

पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटीमीटर वर बांधा. त्याआधी खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा आणि तो पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेत बसतो का ते पाहा. बऱ्याच मशीनबरोबर २२ ते ३२ सेंटीमीटरचा पट्टा येतो. जाड दंडाला तो लहान पडतो आणि नसलेलं बीपी दाखवतो. अशाने नको त्या माणसाला गोळ्या सुरू होऊ शकतात, म्हणून हा मुद्दा किरकोळ समजू नका. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा. ज्या हाताचा आकडा जास्त, तोच पुढे कायम वापरा. नाडी अनियमित असेल तर घरच्या मशीनवर विसंबण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आकडा १८०/१२० च्या वर गेला तर पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सोबत छातीत दुखणं, धाप लागणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं किंवा एकदम धूसर दिसणं असेल, तर पुन्हा मोजत न बसता थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : ताटात वरून मीठ घेणं बंद केलं. तरी डॉक्टर 'मीठ कमी करा' म्हणतात. आणखी कुठून कमी करू?

पाकिटबंद खाण्यातून. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराहूनही कमी. स्वयंपाकातलं, पावातलं, सॉस-चीजमधलं मीठ सगळं त्यात धरलेलं आहे. लेबलवर बहुधा मीठ न लिहिता सोडियम लिहितात. त्या आकड्याला अडीचने गुणा. १०० ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. चव खारट नसलेल्या पावातही भरपूर मीठ असू शकतं, म्हणून जिभेवर भरवसा नको. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : आमच्या कारखान्यात आरोग्य समिती आहे. पोस्टर लावली, व्याख्यानं ठेवली. कामगारांच्या सवयी मात्र बदलत नाहीत. काय चुकतंय?

कामगारांचं फारसं चुकत नाही. ज्याला जेवायला वीस मिनिटं आणि कँटीनमध्ये एकच भाजी, त्याला पोस्टर वाचून निवड कशी करता येणार? १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्याने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेतल्या जाहीरनाम्याने, आरोग्यसंवर्धनाच्या पाच वाटा सांगितल्या. वैयक्तिक कौशल्यं वाढवणं ही त्यातली एकच. धोरणं, आजूबाजूची परिस्थिती, लोकांचा सामूहिक सहभाग आणि आरोग्यसेवेची दिशा या उरलेल्या चार. तुमची सगळी मेहनत वैयक्तिक कौशल्यांच्या वाटेवर गेली आहे.

कँटीनपासून सुरुवात करा. महिनाभरात किती किलो मीठ लागलं आणि किती ताटं वाढली, याचा भागाकार करा. मग आचाऱ्याला विश्वासात घेऊन मीठ दहा टक्क्यांनी कमी करा आणि काही आठवड्यांनी पुन्हा दहा टक्क्यांनी. हळूहळू केलं तर जीभ जुळवून घेते. एकदम निम्मं केलं तर तक्रारी येतात आणि समिती माघार घेते. प्रत्येकाचं बीपी यातून थोडंसंच उतरेल. पण हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात फक्त फार चढ्या बीपीवाल्यांना होत नाही. किंचित वाढलेल्यांची संख्या इतकी मोठी असते की बरेच रुग्ण त्यांच्यातलेच निघतात. म्हणून सगळ्यांचं थोडं उतरणं मोलाचं.

मग पाळ्यांचं वेळापत्रक पाहा. रात्रपाळी आणि दिवसपाळी दर दोन-तीन दिवसांनी उलटसुलट होत असेल तर झोप पुरी होत नाही, आणि अपुऱ्या झोपेने बीपी वाढतं. पाळी बदलायचीच असेल तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकवा आणि दोन पाळ्यांत किमान अकरा तासांची सुट्टी ठेवा. बीपी तपासणी कामाच्या वेळेतच करा, त्यासाठी पगार कापू नका आणि निकाल व्यवस्थापनाकडे जाणार नाहीत हे लेखी द्या. नोकरी जाईल या भीतीने सर्वांत आधी तेच लोक तपासणी टाळतात, ज्यांना तिची गरज असते.