युजर रिसर्चरच्या नोकरीची मुलाखत कशी असते? तयारी कशी करावी?

समाजशास्त्रात एमए, मग स्वयंसेवी संस्थेत सर्वेक्षणं आणि घरोघरी मुलाखती, आणि आता एका पेमेंट अ‍ॅपच्या कंपनीकडून युजर रिसर्चरच्या, म्हणजे अ‍ॅप वापरणाऱ्यांना काय हवंय आणि कुठे अडतं ते शोधणाऱ्याच्या, पदासाठी बोलावणं, असं तुम्ही लिहिलंय. सोबत काळजीही: 'मला कोडिंग येत नाही, डिझाइन येत नाही, चालेल का?' चालेल. मी हेच काम करते आणि उमेदवारांच्या मुलाखतीही घेते. घरोघरी जाऊन लोकांशी बोललेला उमेदवार समोर आला की मी सरसावून बसते.

आधी एचआरचा फोन येईल. मग ज्यांच्या टीममध्ये जायचंय त्यांच्याशी बोलणं, तुमच्या जुन्या कामाचं सादरीकरण, एखादा सोडवायला दिलेला प्रश्न, आणि प्रॉडक्ट मॅनेजर, डिझायनर अशा लोकांशी स्वतंत्र भेटी. फेऱ्या कंपनीगणिक कमीजास्त असतात, पण पारडं झुकतं ते बहुतेक सादरीकरणात आणि त्या प्रश्नात.

सादरीकरणासाठी संस्थेतलंच काम घ्या. अ‍ॅपचं काम केलेलं नाही म्हणून एखाद्या प्रसिद्ध अ‍ॅपची काल्पनिक सुधारणा करून नेऊ नका. त्यात खरी माणसं नसतात आणि दोन प्रश्नांत ते उघडं पडतं. संस्थेचा कोणता निर्णय अडला होता म्हणून तुम्हाला पाठवलं, तिथून सुरुवात करा. प्रश्नावलीच का निवडली, बसून गप्पा का नाही मारल्या? लोकांचं काय ऐकून टीमचा आधीचा समज मोडला? आणि त्यानंतर कार्यक्रमात काय बदललं? हा शेवटचा प्रश्न हमखास येतो. काहीच बदललं नसेल तर तसं सांगा आणि का, तेही सांगा. डायरी स्टडी, कार्ड सॉर्टिंग अशी पद्धतींची नावं माळण्यात वेळ घालवू नका, ती ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतात. आणि स्लाइडवर लोकांचे चेहरे, नावं नकोत. त्यांनी संमती संस्थेच्या कामासाठी दिली होती, तुमच्या नोकरीसाठी नाही. मी हे आवर्जून बघते.

आता तो प्रश्न. समजा विचारलं, 'नवे लोक आमच्या अ‍ॅपवर बँक खातं जोडतानाच थांबतात. कसा शोध घ्याल?' लगेच 'सर्व्हे करू' म्हणू नका. आधी तुम्हीच विचारा: या उत्तरावर कोण, कधीपर्यंत, काय ठरवणार आहे? नेमक्या कुठल्या पायरीवर लोक गळतात याची आकडेवारी आहे का? ती असतेच, पण ती जागा दाखवते, कारण नाही.

कारणं कुठे असू शकतात याचा अंदाज तुम्हाला बाकीच्यांपेक्षा चांगला येईल. यूपीआयची नोंदणी करताना फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस जातो, आणि तो नंबर बँकेत नोंदवलेलाच असावा लागतो. फोनमध्ये दोन सिम असतील तर चुकीचं निवडलं जातं. नंबरवर बॅलन्स नसेल तर एसएमएस जात नाही. कित्येक बायकांच्या खात्याला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर जोडलेला असतो. पुढे पिन ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे मागतात, आणि कार्ड कपाटात असतं किंवा बँकेतून कधी घेतलेलंच नसतं. आधारच्या ओटीपीने पिन ठरवता येतो, पण त्यालाही आधारशी जोडलेला नंबर हाताशी लागतो. यातलं निम्मं स्क्रीनवर दिसतच नाही, घरात जाऊन बसलं की दिसतं. म्हणून नुकतेच अर्ध्यात थांबलेले काही जण आणि नोंदणी पूर्ण केलेले काही जण, दोघांकडे जा. आधी लोकांजवळ बसून पाहणं, मग सापडलेली कारणं किती पसरलेली आहेत ते आकडेवारीतून तपासणं, हा क्रम बोलून दाखवा.

मुलाखत घेऊनही दाखवायला सांगतात. 'हे सोपं वाटलं ना?' असं विचारलंत तर समोरचा 'हो' म्हणणार. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाचं मन मोडत नाहीत, हे तुम्ही गावोगाव अनुभवलं असेलच. 'मागच्या वेळी पैसे पाठवलेत तेव्हा पहिल्यापासून काय काय केलंत?' असं विचारा आणि मग गप्प राहा. उमेदवाराला ती शांतता पेलवते का, हे मी फार बारकाईने पाहते.

'फक्त पाच जणांशी बोलून काय कळणार?' हेही कोणी तरी विचारेलच. 'चाचणीला पाच जण पुरतात' हा नियम गाजला तो वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्या २००० सालच्या लेखामुळे. एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. पण हे वापरातल्या अडचणी शोधण्यापुरतं, आणि साधारण एकसारख्या लोकांच्या गटापुरतं. शहरातला विद्यार्थी आणि तालुक्यातला दुकानदार यांना एकाच पाचात बसवता येत नाही. आणि पाचांपैकी तिघांना आवडलं म्हणून '६० टक्के लोकांना आवडलं' असं कधीच म्हणू नका.

घरी करायला मोठा अभ्यास दिला आणि तो कंपनीच्या चालू कामासारखा दिसला, तर किती तास अपेक्षित आहेत ते स्पष्ट विचारून घ्या. चांगल्या कंपन्यांना त्याचा राग येत नाही.

शेवटी 'तुमचे काही प्रश्न?' असं विचारतील तेव्हा हे नक्की विचारा: रिसर्चरला कामात कधी बोलावता, काय बनवायचं ते ठरायच्या आधी की बनवून झाल्यावर? आणि गेल्या वर्षभरात रिसर्चमुळे थांबवलेली एखादी गोष्ट सांगाल का? दुसऱ्या प्रश्नाला तिथल्या तिथे उदाहरण मिळालं, तर पगार थोडा कमी असला तरी मी ती नोकरी घेईन.