वाचकांचे प्रश्न : बेस गिटार, गेन पेडल आणि न थांबणारी घूम

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या वाद्यवृंदात मी चार तारांचा बेस वाजवतो. काही गाण्यांसाठी ओव्हरड्राइव्ह आणि फझ ही सिग्नल वाढवून आवाज खरखरीत करणारी दोन पेडल (गेन पेडल) एकापाठोपाठ जोडतो. वाजवत असताना अडचण येत नाही. मात्र गाण्यात विश्राम आला की ॲम्पमधून घूम सुरू होते आणि वाढतच जाते. घरी सरावात असे होत नाही. ट्रेबल कमी करूनही उपयोग झाला नाही. काय करावे?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ‘विश्राम आला की’ या आपल्या तीन शब्दांतच बरेचसे उत्तर आहे. सरोदवरील तरफेच्या (साथीला झंकारणाऱ्या) तारा न छेडताही मुख्य तारेच्या स्वराने झंकारतात, हे ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. तसाच स्पीकरचा आवाज हवेतून आणि मंचाच्या फळ्यांतून आपल्या मोकळ्या तारांपर्यंत येतो, त्यांना हलवतो, पिकअप (तारांखालचे चुंबकीय वेटोळे) ती हालचाल टिपतो, पेडल तिला वाढवतात आणि स्पीकर ती पुन्हा बाहेर टाकतो. एका फेरीत जेवढे गळते त्याहून अधिक वाढले की घूम धरलीच.

एका पेडलने 20 डेसिबल वाढवले, तर सिग्नल 10 पट होतो. दोघांनी तेवढेच वाढवले, तर 100 पट. आपण जोरात वाजवता तेव्हा सिग्नलची टोके पेडलमध्ये कापली जातात, त्यामुळे ही वाढ पूर्ण मिळत नाही. तारा शांत झाल्या की त्यांच्या बारीकशा थरथरीला मात्र ती पूर्ण मिळते. म्हणून पहिला उपाय हाताचा आहे : विश्रामात डावा पंजा चारही तारांवर सपाट टेकवावा, उजवा अंगठा जाड तारांवर ठेवावा आणि विश्राम लांबला तर फझ बंदच करावे. हे कंटाळवाणे वाटेल, पण माझ्या मते निम्मे काम येथेच होते.

ट्रेबल कमी करून उपयोग का झाला नाही, तेही पाहू. मोकळ्या चार तारांचे स्वर सुमारे 41, 55, 73 आणि 98 हर्ट्‌झचे असतात आणि घूम बहुधा त्यांच्याच आसपास असते; ट्रेबलचा नॉब मात्र वरच्या स्वरांवरच चालतो. एकेका तारेला बोट लावून पाहावे. जिला स्पर्श करताच घूम थांबेल ती तार दोषी, आणि इक्वलायझरवर (वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनावर) तिच्या स्वराजवळचा अरुंद पट्टा थोडा खाली आणावा. पोकळ फळ्यांचा मंच नगाऱ्यासारखा वाजतो, म्हणून कॅबिनेटखाली जाड फोम घालावा. ‘स्पीकरकडे पाठ करून उभे राहा’ हा सल्ला बेसला फारसा लागू पडत नाही, कारण 41 हर्ट्‌झच्या ध्वनीलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक असते आणि ती माणसाला सहज वळसा घालते. त्याऐवजी दोन पावले इकडेतिकडे सरकून पाहावे किंवा प्रीॲम्पवर फेज बदलण्याचे (सिग्नलची लहर उलटी करण्याचे) बटण असल्यास ते दाबून पाहावे. कधीकधी तेवढ्यानेच फेरा तुटतो.

दोन्ही पेडलांचे गेन कमी करून त्यांत मूळ स्वच्छ स्वर मिसळल्यास, खालच्या स्वरांचे वजन टिकते आणि गाणेही अधिक स्पष्ट ऐकू येते. नॉइज गेट (सिग्नल बारीक झाला की आवाज बंद करणारे साधन) घ्यायचाच असेल, तर ज्यात पेडलांसाठी वेगळा सेंड-रिटर्न (पेडलांकडे जाण्या-येण्याची जोडणी) आहे असा घ्यावा, कारण तो गिटारचा मूळ सिग्नल पाहून बंद होतो. साधा गेट पेडलांच्या नंतर लावला आणि घूम एकदा चढली, की तिलाच तो वादन समजतो व उघडाच राहतो.

चारही तारा घट्ट दाबूनही तीक्ष्ण शीळ येतच राहिली, तर बहुधा पिकअपमधील वेटोळे सैल झालेले असते. ते मेणात बुडवून पक्के करून घ्यावे लागते; हे काम जाणकार कारागिराकडेच द्यावे.

प्रश्न : कंप्रेसर गेन पेडलांच्या आधी लावला, तर घूम कमी होईल का?
– एक वाचक, मुरार, ग्वाल्हेर

उत्तर : बहुधा वाढेल. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग एकूण पातळी वर उचलतो, म्हणजे शांत तारांच्या बाबतीत तो आणखी एक गेन पेडलच ठरतो. लावायचाच असेल, तर त्याचा आउटपुट नॉब एवढाच ठेवावा की पेडल चालू असो वा बंद, आवाज सारखाच वाटेल.