पोटात गॅस भरायचा, मग ऑपरेशन?

प्रश्न : माझ्या ८ वर्षांच्या मुलाच्या अपेंडिक्सभोवती गोळा झाला होता. सलाईनमधून अँटिबायोटिक देऊन तो बरा झाला. आता ६ आठवड्यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढू म्हणतात. एवढ्या लहान पोटात गॅस भरणं धोक्याचं नाही का?
– एक आई, सातारा

उत्तर : भरतात तो कार्बन डायऑक्साइड. तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. या वयात दाब साधारण ८ ते १२ मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात. तो वाढला तर श्वासपटल वर ढकललं जाऊन फुप्फुसांना जागा कमी पडते, म्हणून भूलतज्ज्ञ उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर सतत नजर ठेवतात. नंतर एक-दोन दिवस मुलाचा खांदा दुखला तर घाबरू नका. श्वासपटलाला झालेला त्रास खांद्यात जाणवतो.

दुर्बीण बेंबीतून जाते, हत्यारं खालच्या दोन छोट्या छिद्रांतून. लहान मुलांचं मूत्राशय पोटात बरंच वर असतं, म्हणून ते आधी रिकामं करून घेतात. अपेंडिक्सची रक्तवाहिनी बंद करून मुळाशी दोऱ्याचे फास आवळतात, कापतात आणि पिशवीत घालून बाहेर काढतात, म्हणजे जखमेला जंतू लागत नाहीत. मूळ नीट दिसणं सगळ्यात महत्त्वाचं. अपेंडिक्सचा लांब तुकडा मागे राहिला तर त्याला पुन्हा सूज येऊ शकते. गोळा होऊन गेलेल्या पोटात आतडी चिकटलेली असू शकतात. अशा वेळी सर्जनने पोट उघडायचं ठरवलं तर तो शहाणपणाच समजावा. संमतिपत्रावर सही करण्याआधी ही शक्यता विचारून घ्या.

भूल देण्याआधी जेवण आणि दूध ६ तास बंद, साधं पाणी २ तास. सकाळी अर्धं बिस्किट खाल्लं असेल तरी सांगा. भुलेत उलटी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

सगळं सुरळीत झालं तर एक-दोन दिवसांत घर, आठवड्याभरात शाळा. सायकल आणि मैदान दोन-तीन आठवड्यांनी. पण नंतरच्या आठवडा-दहा दिवसांत ताप, वाढती पोटदुखी, उलट्या किंवा सारखी थोडी थोडी चिकट शौच होत असेल तर आत पू साचलेला असू शकतो. टाके स्वच्छ दिसतात म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : ४ महिन्यांच्या मुलीच्या जांघेत रडताना फुगवटा येतो. मुलींना हर्निया होतो?
– वाचक, लातूर

उत्तर : होतो, आणि त्यात बीजांडकोशही उतरू शकतो. जांघेतला हर्निया आपोआप बंद होत नाही, म्हणून ‘मोठी झाल्यावर बघू’ नको. लवकर बालशल्यचिकित्सकांना दाखवा. ऑपरेशन छोट्या छेदातून केलं तरी चांगलंच होतं. दुर्बिणीचा फायदा हा की दुसरी बाजूही आतून दिसते. बेंबीचा हर्निया वेगळा. तो बहुधा ४-५ वर्षांपर्यंत आपसूक मिटतो, त्यावर नाणं बांधू नका. जांघेतला फुगवटा घट्ट झाला, आत जाईना, बाळ उलट्या करू लागलं, तर काहीही न पाजता ताबडतोब हॉस्पिटल गाठा.