थेक्कडीत वाघ दिसेल का?

प्रश्न : ताई, नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे केरळला चाललोय. मुन्नारला दोन रात्री, थेक्कडीला एक, मग अलेप्पी, असं टूरवाल्याने बसवून दिलंय. थेक्कडीला बोटीतून वाघ दिसतो असं तो छातीठोकपणे सांगतो. मागे ताडोबाला आम्हाला वाघीण आणि बछडे दिसले होते, त्यामुळे माझा दहा वर्षांचा मुलगा आतापासूनच हवेत आहे. सोबत सासूबाई आहेत, वय ७४. त्यांचे गुडघे दुखतात आणि पाण्याची भीतीही वाटते. तिथे पूर्वी बोट उलटली होती असं त्यांनी कुठेसं ऐकलंय. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वाघ दिसणार नाही, हे मुलाला घरातून निघतानाच सांगा. बोटीतून वाघ दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, खोट्या नसतात. पण तेवढा एक व्हिडिओ टूरवाल्यांच्या फोनमध्ये वर्षानुवर्षे फिरत राहतो आणि त्यावर शेकडो लोकांची बुकिंगं होतात.

ताडोबाचं गणित इथे लागू पडत नाही. ते पानझडीचं रान. उन्हाळ्यात पानं गळतात, आरपार दिसायला लागतं, पाणवठे मोजकेच उरतात, आणि जिप्सी त्या पाणवठ्यावर जाऊन उभी राहते. वाघाला तिथे यावंच लागतं. थेक्कडीचं रान म्हणजे पेरियार व्याघ्र प्रकल्प. तिथे मधोमध २६ चौरस किलोमीटरचा जलाशय पसरलाय, त्याचे फाटे बोटांसारखे रानात शिरलेत. अमुकच ठिकाणी पाणी प्यायला जावं, असं वाघाला काय पडलंय? शिवाय सदाहरित रानात जमिनीपर्यंत ऊन पोचत नाही, त्यामुळे गवत कमी आणि गवतावर जगणारी हरणंही बेतानेच. फळं, कोवळी पानं, किडे, खाण्याची चंगळ सगळी वर शेंड्यांवर. म्हणून या रानात मान वर करून चालायचं. काळाभोर निलगिरी वानर, गरुड धनेश, शेकरू, सगळे वरच्या मजल्यावर राहतात.

शेकरू आपला राज्यप्राणी. भीमाशंकरला बघायला मिळालं तर आपण धन्य होतो. थेक्कडीला ते बोटीच्या धक्क्याजवळच्या झाडांवरही दिसतं. जात तीच, रंगांची वाटणी थोडी वेगळी. ते खाताना जरूर बघा. मागच्या पायांनी फांदी घट्ट धरतं, डोकं खाली करून लोंबकळतं, शेपटी पलीकडच्या बाजूला सोडून तोल सांभाळतं आणि मोकळ्या राहिलेल्या पुढच्या दोन पंजांत फळ फिरवत फिरवत सोलतं. सालींचे तुकडे टपटप खाली पडतात. झाडाखाली ताज्या साली दिसल्या की वर बघायचं, हे मुलाला एकदा शिकवा, मग तोच तुम्हाला जंगल दाखवेल.

आता बोटीबद्दल. हा जलाशय पर्यटनासाठी झालेला नाही. १८९५ साली मुल्लपेरियार धरण पूर्ण झालं, पेनिक्विक नावाच्या इंग्रज अभियंत्याने बांधलेलं. पश्चिमेला वाहून जाणारं पाणी बोगद्यातून पूर्वेला, मदुराईकडच्या कोरड्या मुलखात न्यायचं, एवढाच हेतू होता. धरण केरळात, ताबा तमिळनाडूकडे, आणि भांडण आजतागायत चालू. तेव्हा बुडालेल्या झाडांचे बुंधे अजून पाण्यातून वर आलेले दिसतात, सव्वाशे वर्षं झाली तरी कुजून गेलेले नाहीत. त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात. मला विचाराल तर बोटीतल्या अर्ध्या मजेचं कारण हे बुंधेच आहेत.

आता एक कटू गोष्ट. डिसेंबरात बोटीतून प्राणी कमी दिसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा परतीचा पाऊस नुकताच संपलेला असतो, जलाशय भरलेला असतो आणि रानातले ओढेही वाहते असतात. मग हत्तींनी काठावर कशाला यायचं? मार्च-एप्रिलमध्ये पाणी उतरतं, काठावर कोवळं गवत येतं आणि हत्तिणी पिल्लांना घेऊन उतरतात. सुट्टी तुमच्या हातात नाही, हे समजतं. तरी डिसेंबरातही गवे, सांबर, रानडुकरं दिसतात. नशीब जोरावर असेल तर पाणमांजरांची टोळी, किंवा काठाकाठाने पळणारी रानकुत्री. रानकुत्री दिसली तर मुलाला सांगा, वाघ दिसण्याइतकंच हे मोठं आहे. ही थाप नाही.

दिवसाच्या पाच फेऱ्यांतली सकाळी साडेसातची पहिली फेरी घ्या. दुपारच्या फेऱ्यांना ऊन असतं, आणि पुढच्या बाकावरचे काका गवा दिसला की 'हत्ती, हत्ती' म्हणून ओरडतात.

सासूबाईंनी ऐकलं ते खरं आहे. ३० सप्टेंबर २००९ रोजी पर्यटकांची बोट या जलाशयात उलटली आणि ४५ माणसं गेली. प्राणी बघायला लोक एका बाजूला धावले असं तेव्हा सांगितलं गेलं, बोटीच्या बांधणीतले दोषही पुढे आले. आता लाइफ जॅकेट सक्तीचं आहे आणि दिलेल्या जागेवरच बसायचं असतं. तुम्हीही बसा. फोटोसाठी 'एकच मिनिट' म्हणून उठणारे असतात, त्यांना खाली बसायला सांगण्याचा संकोच करू नका. इतकं असूनही सासूबाईंना नको वाटलं तर आग्रह करू नये. खासगी गाड्या आणवच्चालच्या वाहनतळावर थांबतात, तिथून वनखात्याची बस रानातून धक्क्यापर्यंत नेते. त्या बसमधून जाऊन धक्क्याजवळ सावलीत बसल्या तरी त्यांना वानरं, शेकरू, पक्षी पुष्कळ दिसतील. फक्त खाण्याची पिशवी मांडीवर ठेवू देऊ नका, तिथल्या माकडांना ती बरोबर कळते.

पण थेक्कडीला जाऊन नुसती बोट करून परत येऊ नका. या रानाची खरी मजा पायी आहे, आणि ताडोबात पर्यटकाला जे मिळत नाही ते नेमकं हेच. जिप्सीतून उतरायचं नाही हा आपल्याकडचा पहिला नियम. इथे वनखात्याचा वाटाड्या तुम्हाला व्याघ्र प्रकल्पातून चालवत नेतो. साध्या फेरीला अडीच-तीन तास लागतात. वाटाडे बहुतेक आसपासच्या वस्त्यांतले, मन्नान आणि पळियन आदिवासीही त्यांत आहेत. काही वाटाडे तर असे, की एके काळी याच रानात चोरून रानदालचिनीची साल काढायचे, त्यांच्यावर खटले होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथे इको-डेव्हलपमेंटचं, म्हणजे आसपासच्या लोकांना सोबत घेऊन जंगल राखण्याचं काम सुरू झालं. त्यात खात्याने त्यांना पर्यटकांना फिरवण्याचं आणि गस्तीचं काम दिलं, खटल्यांतून सोडवलं. चोरवाटा माहीत असलेला माणूसच राखणीला ठेवला! सरकारी खात्याकडून इतकी व्यवहारी अक्कल क्वचितच बघायला मिळते.

असा वाटाडा बोलतो कमी. मध्येच थांबतो, हात आडवा करतो, वास घेतो. हत्ती जवळून गेला असेल तर आपल्यालाही वास येतो, ओला, आंबूस, गोठ्यासारखा नाही. पुढे एखाद्या झाडाच्या सालीवर डोक्याहून उंच उभे ओरखडे दाखवतो, खाचांमधून चीक ओघळून घट्ट झालेला. वाघाने नखं घासलीत. ती खाच मुलाला बोटाने चाचपू द्या, म्हणजे वाघ नाही दिसला तरी त्याची उंची कळेल.

जळवांचे मोजे तिथे मिळतात, ते पँटवरून चढवा. डिसेंबरात जळवा कमी असतात, पण दमट जागी सापडतीलच. चिकटली तर ओढून तोडू नका, मीठ लावलं की सुटते. सासूबाईंना पायी फेरी झेपणार नाही, तेव्हा एक जण त्यांच्याजवळ थांबा आणि आळीपाळीने जा. बांबूच्या तराफ्याचा दिवसभराचा कार्यक्रमही आहे. सकाळी आठच्या सुमारास निघून संध्याकाळी परत, अर्धं चालणं, अर्धं वल्हवणं, सोबत बंदूकधारी वनरक्षक. मोजक्याच लोकांना नेतात आणि सुट्टीत जागा लवकर भरतात. मुलांसाठी वयाची अट असते, ती बुकिंग करतानाच बघून घ्या.

बुकिंग पेरियार व्याघ्र प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा. थेक्कडीला लागून असलेल्या कुमिली गावात रस्त्यावर 'जीप सफारी'च्या पाट्या पावलोपावली दिसतील. ती जीप नेमकी कुठे जाते, हे आधी विचारा. ताडोबासारखी कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्यात, जिप्सी फिरवण्याची पद्धत थेक्कडीत नाही, हे लक्षात असलं की पुढचा संवाद सोपा होतो.

आणि टूरवाल्याला सांगून मुन्नारची एक रात्र थेक्कडीला द्या. मुन्नारहून निघून वळणावळणाच्या रस्त्याने पोचेपर्यंत दुपार होते, साडेतीनची शेवटची बोट हुकते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अलेप्पीची गाडी तयार. म्हणजे थेक्कडीत तुम्ही काय बघणार, तर हॉटेलातला कलरीपयट्टू या केरळी युद्धकलेचा खेळ आणि वेलचीचं दुकान. (वेलची मात्र घ्याच. आजूबाजूचे डोंगर वेलचीचेच आहेत.)

प्रश्न : कोल्हापूरहून स्वतःची गाडी घेऊन म्हैसूर आणि पुढे उटी करायचंय. म्हैसूरहून रात्री निघून बंडीपूरचं जंगल पार केलं तर हत्ती बघायला मिळतील, असं मित्र म्हणतात.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मित्रांना सांगा, रात्री ९ ते सकाळी ६ तो रस्ता बंद असतो. २००९ पासून आहे हे. भरधाव गाड्यांखाली इतके प्राणी मरत होते, की शेवटी बंदी घालावी लागली. कोर्टकचेऱ्या झाल्या, तरी बंदी टिकली. फाटकावर गयावया करून उपयोग नाही.

दिवसा जा, सावकाश जा. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं, तसं हे बंडीपूरही. रस्त्यात उतरायचं नाही, चितळांना चिवडा टाकायचा नाही. हत्ती रस्त्यात असेल तर लांब थांबा, हॉर्न वाजवू नका, मागे घ्यायला जागा ठेवा. उटीसाठी ई-पास आधी ऑनलाइन काढा, आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या घरीच ठेवा, नीलगिरी जिल्ह्यात त्या चालत नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघंही निवृत्त शिक्षक. पक्षी बघतो, रोज चालतो, गर्दीचा मात्र कंटाळा. दक्षिणेत शांत जंगल सुचवाल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : परंबिकुलम. दुसरं नाव सुचवायच्या आधीच हे लिहून टाकते.

जंगल केरळातलं, पालक्काड जिल्ह्यातलं, पण पोचायचं तमिळनाडूतून. कोइमतूरला उतरा, पोल्लाची, मग सेतुमडईचं फाटक, अन्नामलै व्याघ्र प्रकल्पातलं टॉप स्लिप, आणि त्यापुढे केरळची हद्द. दोन्ही राज्यांच्या फाटकांवर नोंद करावी लागते. आतली तीन धरणंही तशीच, जमीन केरळची आणि कारभार तमिळनाडूचा. या आडवळणामुळेच गर्दी कमी राहते.

तुम्हाला तिथला साग बघायला सांगेन. इंग्रजांनी ही रानं सागासाठी ओरबाडली. अन्नामलैच्या बाजूला टॉप स्लिपवरून ओंडके उतारावर सोडून द्यायचे, तर परंबिकुलमच्या लाकडासाठी १९०७च्या सुमारास चालकुडीपर्यंत ट्राम बांधली. ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. या सगळ्यातून कन्निमारा नावाचा एक सागवृक्ष वाचला. त्याच्या बुंध्याला मिठी मारायची तर चार-पाच जणांनी हात धरावे लागतात. १९९४-९५ साली त्याला केंद्र सरकारचा महावृक्ष पुरस्कार मिळाला. झाडाला पुरस्कार देण्याची कल्पना मला फार आवडते. टॉप स्लिपजवळ ह्यूगो वूड या वनाधिकाऱ्याची कबर आहे, १९३३ साली वारला. नुसतं तोडणं थांबवून साग पुन्हा उगवू देण्यासाठी त्याने खटपट केली. खिशात बिया ठेवून काठीने भोक पाडत पेरत चालायचा, असं तिथे सांगतात.

वाटाडे इथेही आदिवासी, कादर आणि मलसर. कादर लोकांचं पक्ष्यांचं ज्ञान पाठांतरातलं नाही. धनेशाची ढोली कुठल्या झाडात आहे ते त्यांना आधीच ठाऊक असतं, आपण दुर्बीण शोधेपर्यंत बोट दाखवून मोकळे होतात. धनेश उडताना पंखांचा जो फुसफुस आवाज येतो, वाफेच्या इंजिनासारखा, तो तुमच्या वयाच्या माणसांना लगेच ओळखू येईल.

जानेवारी-फेब्रुवारीत जा. पुढे उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने पायवाटा बंद करतात. खात्याच्या झोपड्या आणि तंबू मोजके आहेत. संध्याकाळी फाटकं बंद होतात, आत आयत्या वेळी काही मिळत नाही आणि फोनच्या रेंजचा भरवसा नाही. रोख पैसे पोल्लाचीतच काढा. आणि मुक्कामाची पावती हातात असल्याशिवाय सेतुमडईच्या पुढे गाडी काढू नका.